हवालदाराची नजर

"बाई, त्याला जरा दुसरीकडे बघायला लावा ना," ड्रायव्हरकाका पुन्हा म्हणाले, तेव्हा बाईंनी ब्रश खाली ठेवला.

खांदा सकाळपासून ठणकत होता. इतकी वर्षं लोकांच्या कुत्र्यांची चित्रं काढून त्यांना गल्लीत कुणी चित्रकार म्हणेना; कुत्रेवाल्या बाई म्हणत. पूर्वी त्या चिडत. आता हाक आली की 'ओ' देत.

त्यांची पद्धत ठरलेली होती. कुत्रा समोर, मालक त्यांच्या पाठीमागे खुर्चीवर. कुत्रा मालकाकडे बघतो, आणि मग चित्रातला कुत्रा बघणाऱ्याच्या थेट डोळ्यांत बघतो. गिऱ्हाइकं त्यावरच भाळायची. आजवर कुणी तक्रार केली नव्हती.

समोर सतरंजीवर हवालदार बसला होता. थोराड अल्सेशियन, तोंडाभोवती पांढरा झालेला. दारात आलेल्या प्रत्येकाची कसून चौकशी करतो म्हणून हे नाव. त्याची नजर बाईंच्या खांद्यावरून सरळ काकांवर लागली होती.

"दुसरीकडे म्हणजे कुठे?" बाईंनी विचारलं.

"कुठेही. खिडकीबाहेर बघू दे."

"बाबा, तो बसलाय शहाण्यासारखा," कोपऱ्यातून लेक म्हणाली. "चुळबुळ तुमचीच चाललीय."

"तू गप्प बस गं. चित्र लागणार ती भिंत तुझी असली तरी समोरची खाट माझी आहे."

काका उद्यापासून लेकीकडे राहायला जाणार होते. जावयाला दमा होता, कुत्र्याचा केस उडाला तरी त्याचा श्वास कोंडायचा. यात दोष कुणाचाच नव्हता, म्हणून चिडायचीही सोय नव्हती. हवालदाराला आज संध्याकाळी नवे लोक न्यायला येणार होते. चांगले लोक होते, अंगण होतं. निदान चित्र तरी असू दे, असं लेकीनेच सुचवलं होतं.

"हिने खाटेसमोर खिळासुद्धा ठोकून ठेवलाय," काका बाईंना म्हणाले. "रोज डोळे उघडले की हा असा माझ्याकडे बघणार. काय सांगू मी त्याला?"

लेक पर्समध्ये उगाच काहीतरी शोधू लागली.

बाईंनी हात पुसले. "लॅब्राडॉर असता तर सोपं होतं, काका. बिस्किट जिकडे, तिकडे तो. ज्याच्या हातात बिस्किट तो बाप. बीगलचं नाक त्याला कुठेही ओढून नेतं. पॉमेरेनियन तर बोलायलाच नको, त्याचं भिंतीशीसुद्धा भांडण असतं."

"आणि हा?"

"अल्सेशियन एकच माणूस धरतो. मग त्याला सोडवता येत नाही."

हे बोलायला नको होतं, असं बाईंना लगेच वाटलं. पण दमलेल्या माणसाच्या तोंडून खरं तेच बाहेर पडतं.

तरी करून पाहिलं. लेकीने खिडकीशी जाऊन चाव्या वाजवल्या. हवालदाराने एक कान तिकडे वळवला, डोळे नाहीत. तिने बिस्किट पुढे केलं. ते त्याने सभ्यपणे घेतलं आणि काकांकडे बघत बघत खाल्लं. मग काका स्वतःच खिडकीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. हवालदाराची मान तिकडे वळली. काका कपाटापाशी आले. मान कपाटाकडे.

"सूर्यफुलालासुद्धा संध्याकाळी सुट्टी असते," लेक म्हणाली. हसायला कुणी तयार नव्हतं, ती स्वतःही नाही.

"मी बाहेरच जातो," काका म्हणाले. जाताना त्यांनी हवालदाराच्या डोक्यावर हात ठेवायला वाकल्यासारखं केलं, पण ठेवला नाही. दार लोटून घेतलं. चपलांचा आवाज दोन पावलं गेला आणि थांबला.

हवालदार उठला. दाराजवळ गेला, सतरंजी संपून जिथे नुसती लाकडी जमीन होती तिथे बसला. आता तो बाईंना एका बाजूने दिसत होता. दार बंद होतं, आणि तो त्या बंद दाराकडे असा बघत होता, जणू ते काचेचं असावं.

असं काही समोर आलं की एके काळी बाईंच्या अंगात उत्साह संचारायचा, तहानभूक हरपायची. आज फक्त वाटलं, हे आता काढलंच पाहिजे, आपल्याशिवाय इथे दुसरं कोण आहे. त्यांनी कॅनव्हासवरचे अर्धे झालेले डोळे टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून टाकले. स्टूल सरकवलं. तपकिरी रंगात पिवळ्याचा थेंब मिसळला आणि डोळा पुन्हा सुरू केला. या वेळी त्याची नजर चित्राच्या कडेबाहेर जात होती.

डोळा पुरा होत आला.

"बाई," दारामागून काकांनी विचारलं, "आता कुठे बघतोय?"

बाईंनी लेकीकडे पाहिलं. लेकीने मान हलवली. सांगू नका.

"खिडकीबाहेर," बाई म्हणाल्या. "झाडावर पाखरं बसलीत."

"अच्छा. रमलाय म्हणजे."

आवाज ऐकताच हवालदाराची शेपटी लाकडी जमिनीवर, दारापलीकडे ऐकू जाईल अशी आपटायला लागली. धप. धप. लेक धावली, त्याच्या मागे गुडघे टेकून बसली आणि तिने शेपटी दोन्ही हातांनी घट्ट धरली. तिच्या हातांसकट शेपटी हलत राहिली.