मापांचा फोन

"काका, आधी हे ठरवा, पडदा एलसीडी टाकू की ओलेड?" दुकानदाराने विचारलं.

"चांगल्यातला टाक," अप्पा म्हणाले.

फोन बायकोचा होता. काल तिच्या शिलाई मशीनवरचं कापड ओढताना अप्पांचाच हात लागला आणि तो फरशीवर आपटला. काच तडकली. बायको एका शब्दाने बोलली नाही, म्हणून तर जास्त लागलं. सकाळपासून मात्र तिच्या जिवाला चैन नव्हतं. आजच मिळेल ना, कसलाही पडदा टाका, पण आजच आणा, हेच पालुपद. फोनमध्ये गिऱ्हाइकांची मापं होती. शिवताना तो दिवसभर तिच्यासमोर चार्जरला लावून उभा असायचा, पडदा कधी विझायचाच नाही. एका कानात गाणी, तोंडाने स्वतःशीच पुटपुट. अप्पा खोलीत आले की ती फोन पालथा घालायची. बायकांच्या कपड्यांची मापं, पुरुषमाणसाला काय दाखवायची, असं अप्पांनी आपलं समजून घेतलं होतं.

नुसती काच बदलता येत नाही, काच आणि पडदा एकच तुकडा असतो, असं दुकानदाराने सांगितलं. मग त्याने दोन फोन शेजारी ठेवले. दोन्हीवर एकाच काळ्या मांजराचा फोटो. एकात मांजर काळंकुळकुळीत, दुसऱ्यात राखेत लोळून आल्यासारखं.

"ह्या एलसीडीत मागे एकच दिवा, सगळ्या पडद्याला मिळून. काळं दाखवायचं तरी दिवा जळतोच. ओलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतःच उजेड देतो. काळं म्हणजे ठिपका विझलेला. काकूंचा मूळचा ओलेडच आहे."

"मग तोच टाक," अप्पा म्हणाले. निदान पडदा तरी तिला चांगला मिळू दे, असं त्यांना मनापासून वाटलं. मनाला खात होतं ते वेगळंच, आणि ते पडदा बदलून जाणारं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी लेकीने घरी न सांगता लग्न केलं आणि त्याच संध्याकाळी नवऱ्याला घेऊन दारात आली. बेल वाजली तशी बायको उठली. अप्पांनी तिचा हात धरला. "बस खाली. कळू दे तिला जरा." बेल वाजत राहिली, मग थांबली. त्यानंतर बायकोने लेकीचं नाव काढलं नाही. अप्पांनीही काढलं नाही.

पण नातू झाला आणि अप्पांना राहवेना. ते दर गुरुवारी लेकीकडे जायला लागले. घरी सांगायचं, मित्राकडे बुद्धिबळाला जातो. संध्याकाळी परत आले की बायको ताट वाढताना विचारायची, "आज कोण जिंकलं?" अप्पा म्हणायचे, "मीच." ती मान हलवायची.

लेकीकडे पाळण्याशेजारी एक जुनी खुर्ची होती. तिच्या एका हाताचा लाकडी गोळा निखळलेला. ती अप्पांची. समोर फळीवर डब्याला टेकवून लेकीचा फोन पाठमोरा उभा असायचा, बाळाला गाणी लावायला म्हणून. पहिल्याच गुरुवारी लेकीने विचारलं होतं, "अप्पा, त्या दिवशी दार का नाही उघडलं?" अप्पांची जीभ तेव्हा जी घसरली, ती घसरलीच. "मी उठलो होतो गं. तुझ्या आईने हात धरला. दगड आहे ती, दगड. तिच्यापुढे माझं काय चालणार?"

लेक रडली. अप्पांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या घरात ते एकदम देवमाणूस झाले. मग दर गुरुवारी तेच. आईचा विषय निघाला की अप्पा सुस्कारा सोडायचे, दगड म्हणायचे आणि नातवाला झोका द्यायचे. अलीकडे लेक काही विचारायची नाही, नुसती ऐकून घ्यायची.

घरी येऊन बायकोच्या हातचं गरम जेवताना ते ताटातून मान वर करायचे नाहीत. आपण हिला फुकट बदनाम करतोय, हे त्यांना कळत होतं. पण खरं सांगायचं तर लेक जाणार, नातू जाणार. एकच आधार होता, दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. बोलल्या असत्या, तर संपलंच होतं सगळं.

"काका, ओलेड टाकतो, पण एक सांगून ठेवतो," दुकानदार म्हणाला. तडकलेला फोन त्याने चालू केला होता. "ओलेडवर एकच चित्र महिनोन्‌महिने उघडं ठेवलं की त्याचा डाग बसतो. हा बघा, केवढा बसलाय. काकू दिवसभर काय बघतात ह्यात?"

"मापं. कपड्यांची."

दुकानदार हसला. "मापं नाहीत हो ही. थांबा, पडदा सगळा राखाडी करतो, म्हणजे नीट दिसेल. ही खाली गोल बटणांची रांग दिसतेय? हा व्हिडिओ कॉल आहे. तिकडचा फोन एका जागी उभा करून ठेवलेला असणार, म्हणून सगळं जसंच्या तसं उमटलंय. आता आकडे असते तर..."

अप्पांनी खिशातून चष्मा काढून लावला. तड्यांच्या मागे फिकट रेषा होत्या. आधी खिडकीचे गज दिसले. मग पाळणा. आणि पाळण्याशेजारी खुर्ची, एका हाताचा गोळा निखळलेली.