एक माप मोठा

मेकॅनिकचा मोठा भाऊ शिडाच्या बोटीत इंजिनाच्या धुराने झोपेतच गुदमरून गेला, त्याला चार महिने झाले होते. बोट विकण्याआधी धुराचा रबरी पाइप बदलून द्या, असं वहिनीने त्याला सांगितलं. इंजिनाशेजारी आडवं पडून त्याने पाइप आवळून धरणारे क्लॅम्प सोडले, तसा पाइप अलगद हातात आला. त्याने माप घेतलं. पाइप इंजिनाच्या धूर सोडणाऱ्या तोटीपेक्षा एक माप मोठा होता; धूर त्याच फटीतून आत आला होता. गेल्या वर्षी त्यानेच बसवलेला. "क्लॅम्प करकचून आवळले की भागतंय," भावाला हसून म्हणाला होता. "भाऊजी, यांनीच क्लॅम्प सैल ठेवले असणार ना?" वरून वहिनी म्हणाली. "लेकीलाही तेच सांगितलंय." नुसती मान हलवली तरी चाललं असतं. तो पाइप घेऊन वर आला. "नाही वहिनी. माप माझं चुकलं." वहिनीने फोन पुढे केला. "मग हे तिला तुम्हीच सांगा."