कुंकवाचं बोट

चिक्कडपल्लीत बाजाच्या पेट्या बनवायचे दिगंबरराव, पण पास करायच्या त्यांच्या पत्नी इंदुताई. गाऊन समाधान झालं, की त्या झाकणाआत कुंकवाचं बोट उमटवायच्या. मगच पेटी घराबाहेर पडायची. एक मास्तरीणबाई ऑनलाइन मागवलेली बेसूर पेटी घेऊन आल्या. वर दिगंबररावांचं नाव, आत कुंकवाचं बोटसुद्धा! दिगंबररावांनी ओलं फडकं फिरवलं, तरी ठिपका हलेना, छापलेला होता. “नकली आहे, बाई. आमची नाही.” “कंपनीवाले बोलतात विकणाऱ्याला विचारा, विकणारा गायब! मी कुणाला पकडू, चाचा?” इंदुताई म्हणाल्या, “अहो, नाव तुमचं, बोट माझं. निस्तरायचं आपणच.” दिवसभर करवादत दिगंबररावांनी एकेक सूर जुळवला. संध्याकाळी इंदुताईंनी गाऊन पाहिलं, छापील ठिपक्यावर खरं बोट टेकवलं. तेवढ्यात बाईंना कंपनीचं उत्तर आलं, ‘नकली असल्याचा पुरावा पाठवा.’ दिगंबरराव हसले, “आता कुठून आणायचा?”