घरचं वायफाय

"चिमणीला चित्रं काढायला होईल," म्हणत शेजारच्या काकांनी आपला जुना लॅपटॉप सकाळी दारातूनच हातात दिला. किती आग्रह केला, पण नेहमीसारखेच आत काही आले नाहीत. आता दादा फोनवरून एकेक पायरी सांगत होता आणि ती लेकीसाठी चित्रकलेचं सॉफ्टवेअर टाकत होती.

"आधी घरचं वायफाय जोड. पासवर्ड टाक."

"थांब, तो लांबलचक माझ्या कुठला लक्षात राहतोय! बेडरूमच्या कपाटात आतून कागद चिकटवलाय, घेऊन येते."

ती कागद घेऊन आली, तर इंटरनेट सुरूसुद्धा झालेलं.

"दादा, यानं पासवर्ड विचारलाच नाही. आपल्या वायफायला आपोआप जोडला गेला."

"मग आधी कधीतरी टाकला असशील, बाईसाहेब. एकदा टाकला की मशीन विसरत नाही."

"मी कशी टाकेन? लॅपटॉप आजच तर घरात आलाय."

दादा पुढची पायरी सांगत राहिला. ती दाराकडे बघत राहिली. दार चुकून ओढलं गेलं तर पंचाईत नको, म्हणून घराची जादा चावी तिनंच काकांकडे ठेवायला दिली होती.