नावाजलेलं कॉलेज

सोळा वर्षं एकाच वॉर्डची इनचार्ज राहिल्यावर सिस्टरने नर्स प्रॅक्टिशनर व्हायचं ठरवलं. दोन कॉलेजं होती. एक जवळचं, स्वस्त. दुसऱ्याचं नाव मोठं आणि फी तिप्पट.

आई म्हणाली, "अंथरूण पाहून पाय पसरावेत, बाई."

नवरा म्हणाला, "शिकायचंच तर चांगल्या माणसाच्या हाताखाली शिक."

सिस्टरने बांगड्या मोडल्या आणि मोठ्या कॉलेजात प्रवेश घेतला.

प्रात्यक्षिकांच्या आधी क्लार्कने फॉर्म पुढे सरकवला. वर तिच्याच हॉस्पिटलचं नाव होतं, तिच्याच वॉर्डचा नंबर.

"इथे तुमची सही, इथे मार्गदर्शकाची. तिथल्या इनचार्ज सिस्टरांची आणा. जरा जपून हं, फार कडक आहेत म्हणे."

 

तिने पेन काढलं आणि दोन्ही सह्या तिथेच केल्या.