कापसाची खोली

भाव चढेल म्हणून यंदा कापूस समोरच्या खोलीत कमरेएवढा भरून ठेवला होता, आणि अंकुर दिवसभर त्यावर कोलांटउड्या मारत होता. चिप्सचे कागद, मोजे, खोडरबर, सगळं कापसात. त्याची आई वंदना ओरडून ओरडून थकली.

"अबे, कचरा निघाला तं व्यापारी भाव पाडते ना!"

शेवटी वैतागून तिनं त्याला दारव्ह्यातल्या जिम्नॅस्टिकच्या क्लासला घातलं. काय उड्या मारायच्या त्या तिथं मार म्हणाली.

आठ दिवसांनी सरांचा फोन आला. "ताई, हा नुसता गादीवर उभा राहते. एक कोलांटउडी मारत नाही."

"काहून रे?" वंदनानं अंकुरला विचारलं.

"ते गादी टणक हाय. डोक्याले लागते."

वंदनानं कपाळावर हात मारला. फोनवर सरांना म्हणाली, "खोटं नाही सांगत सर, घरी हा जमिनीवर राहतच नाही. एकदा येऊन पाहा, मंग समजन."

रविवारी सर आले. अंकुरनं कापसावर अशी काही उडी घेतली की सर बघतच राहिले. मग त्यांनी कापूस हातानं दाबून पाहिला. पुन्हा दाबला. चहा न घेताच निघून गेले.

पुढच्या रविवारी सकाळी वंदनानं दार उघडलं, तर ओसरीत सगळा क्लास चपला काढत होता. मागून सर घाईघाईनं पुढं आले.

"ताई, कापूस इतक्यात विकून तं नाही राह्यले न तुम्ही?"