पंखा थांबल्यावर

काटेवाडीच्या दूध संकलन केंद्रातले रामहरीतात्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरचा नुसता पॉवर सप्लायचा पत्र्याचा डबा घेऊन बारामतीला माझ्या रिपेअरिंगच्या दुकानात आले. "इरफान, सांजच्या दुधाआधी चालू पायजे."

सप्लाय तपासायला मदरबोर्ड नसला, की आम्ही प्लग लावून त्याच्या हिरव्या आणि काळ्या वायरीत केसाची पिन खोचतो. पंखा फिरला, की सप्लाय चांगला.

पंखा फिरला. तोंडावर कोमट, ओलसर हवा आली. तिला नासक्या दुधाचा आणि न धुतलेल्या तोंडाचा वास होता.

"उंदीर मेलाय ह्यात, तात्या."

"खोलून बघितलंय मी. आत काय न्हाय."

मी पिन उपटली, प्लगही काढला. पंखा थांबला. हवा थांबली नाही. आत जात होती, परत बाहेर येत होती.

किळस गिळून मी पंख्याच्या जाळीवर तळवा दाबला. आतून कुणीतरी तो चाटला.